पुसलेली हिस्टरी म्हणजे कबुलीजबाब नव्हे

गेल्या काही महिन्यांत बडोद्याच्या मराठी घरांमध्ये एक वाद पुन्हा पुन्हा कानावर येतो आहे. त्याची सुरुवात मुलांच्या फोनवरून होते, पण तो तिथे थांबत नाही; नवरा-बायको, सासू-सून, भाऊ-बहीण असा घरभर फिरतो. ब्राउझरमधली हिस्टरी पुसणाऱ्या माणसाकडे कोणत्या नजरेने बघायचं, हा त्यातला प्रश्न. दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यात बसा किंवा अलकापुरीतल्या फ्लॅटमध्ये हळदीकुंकवाला जा, वडीलधाऱ्यांचं म्हणणं एकच असतं: ज्याच्या मनात काळंबेरं नाही, तो पुसेल कशाला? तरुण मंडळींचं उत्तरही ठरलेलं: रोज रात्री सगळं साफ करा, नाहीतर इन्कॉग्निटोमध्येच, म्हणजे ब्राउझरच्या नोंद न ठेवणाऱ्या खिडकीतच जा, कोणाला पत्ता लागणार नाही. दोन्ही बाजू आवेशाने बोलतात आणि दोन्ही चुकीचं बोलतात. पहिल्यांना पुसणं म्हणजे अपराध वाटतो आणि दुसऱ्यांना पुसणं म्हणजे नाहीसं होणं वाटतं.

माझी भूमिका आधीच सांगून टाकतो. आपण काय वाचलं, काय विचारलं, कोणत्या पानावर चुकून गेलो, याची नोंद आपल्या यंत्रावर ठेवायची की नाही आणि ठेवायची तर कोणती, हे ठरवण्याचा अधिकार वाचणाऱ्याचा आहे. नको असलेली एखादी नोंद किंवा ॲड्रेस बारमध्ये सारखं डोकं वर काढणारं एखादं सजेशन काढून टाकणं ही साधी, निर्दोष कृती आहे. त्याबद्दल जाब विचारायचा असेल, तर विचारणाऱ्याने आधी स्वतःचं कारण सांगावं. मात्र हेही तितक्याच जोराने म्हणतो की सरसकट सगळं पुसायची सवय बहुतेकांच्या फायद्याची नाही. निवडून पुसायला शिकलं पाहिजे.

निम्मा वाद अज्ञानातून येतो, म्हणून ही हिस्टरी असते काय, ते आधी पाहू. आपण एखादं पान उघडलं की ब्राउझर त्याचा पत्ता, शीर्षक आणि वेळ आपल्याच यंत्रावरच्या एका फाइलमध्ये लिहून ठेवतो. क्रोमच्या हिस्टरीच्या पानावर मागचे ९० दिवस दिसतात. पुढे ॲड्रेस बारमध्ये एक-दोन अक्षरं टाइप केली की ब्राउझर या नोंदी चाळतो, कोणत्या पानावर आपण किती वेळा आणि किती अलीकडे गेलो होतो याचा हिशेब करतो आणि उरलेला पत्ता स्वतःच पुढे करतो. त्याच यादीत सर्च कंपनीकडून येणाऱ्या सूचनाही मिसळलेल्या असतात, आणि त्यातल्या बऱ्याचशा बाहेरचे असंख्य लोक काय शोधताहेत त्यावरून बनतात. गूगलने ही सोय डिसेंबर २००४ मध्ये प्रयोग म्हणून आणली. आजच्या मुलांनी तिच्याशिवायची सर्चची चौकट पाहिलेलीच नाही. तिसरी गोष्ट म्हणजे फॉर्ममध्ये आपण पूर्वी भरलेली नावं, फोन नंबर, पत्ते, म्हणजेच ऑटोफिल. या तिन्हींचा उगम वेगळा, पण आपल्याला त्या टाइप करताना सारख्याच दिसतात.

मग यातली एखादी ओळ वाचून घरातल्या माणसाला दोषी ठरवणं कितपत बरोबर? सासूबाई घटस्थापनेचा मुहूर्त शोधायला 'घट' एवढंच टाइप करतात आणि खाली 'घटस्फोट' येतं. सुनेने तसं काहीही शोधलेलं नसतं. बाहेरच्या हजारो लोकांनी शोधलेलं असतं. सूचनेशेजारी घड्याळाचं चिन्ह असेल तर ती सहसा त्याच यंत्रावरच्या किंवा खात्यावरच्या जुन्या शोधातून आलेली असते. भिंगाचं चिन्ह असेल तर बहुधा नाही. हा फरक किती घरांत ठाऊक आहे? बरं, घड्याळ दिसलं म्हणून तरी काय सिद्ध होतं? पुण्याला होस्टेलवर राहणाऱ्या मुलाने घरचंच खातं आपल्या फोनवर चालू ठेवलेलं असतं. त्याचे शोध बडोद्यातल्या लॅपटॉपवर उमटतात. एका बातमीवर बोट ठेवलं की मध्ये दुसरीच चार पानं उघडतात आणि त्यांचीही नोंद होते. हिस्टरी ही यंत्राने सोयीसाठी केलेली टिपणं आहेत. कोणी, कशासाठी, किती वेळ आणि काय समजून वाचलं, यातलं तिला काही माहीत नसतं. तिला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करणारे आपण आहोत.

बडोद्याच्या माणसाला हा विषय परका वाटू नये. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये राज्यभर सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण लागू केलं, आणि शिकलेल्या माणसाला पुढे वाचायला काही मिळालं नाही तर तो पुन्हा निरक्षर होईल हे ओळखून १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बोर्डन या ग्रंथपालाला बोलावून घेतलं. बोर्डन परत गेल्यावर जनार्दन कुडाळकरांसारख्या मराठी माणसाने ती धुरा वाहिली. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीतली ती पोलादी कपाटं आणि काचेच्या फरश्या आजही बघता येतात. गावोगाव पुस्तकांच्या पेट्या फिरत होत्या. या सगळ्यामागचा विचार असा की माणसाने स्वतः निवडून वाचावं. आता असं समजा की पुस्तक घेताना प्रत्येकाला सांगितलं असतं, तुम्ही काय नेलं ते संध्याकाळी तुमच्या सासऱ्यांना, मोठ्या भावाला आणि गावच्या पाटलाला कळवलं जाईल. किती बायकांनी पुस्तकाला हात लावला असता? किती शेतकऱ्यांनी सावकारीच्या कायद्याबद्दल वाचलं असतं?

ग्रंथपालांच्या व्यवसायाने हे फार पूर्वी ओळखलं. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने १९३९ मध्ये स्वीकारलेल्या आचारसंहितेत वाचकांबद्दल कळलेली खासगी माहिती गुप्त ठेवणं हे ग्रंथपालाचं कर्तव्य मानलं आहे. २००१ च्या हल्ल्यांनंतर तिथे पॅट्रियट ॲक्ट हा दहशतवादविरोधी कायदा आला आणि वाचनालयांच्या नोंदी मागवण्याची वाट सरकारला मोकळी झाली. तेव्हा तिथल्या काही ग्रंथपालांनी काय केलं? पुस्तक परत आलं की ते कोणी नेलं होतं ही नोंद ते नष्ट करू लागले. त्यांच्या पोटात पाप होतं असं कोणी म्हणेल का? ज्या नोंदीचं काम संपलं ती ठेवायची नाही, एवढीच त्यांची भूमिका होती. संस्था जे तत्त्व म्हणून करते, तेच घरातल्या मुलीने आपल्या फोनवर केलं तर ते संशयास्पद कसं ठरतं?

आता त्या 'लपवायचं काय आहे' या प्रश्नाकडे येतो. बडोद्यात राहून हा प्रश्न विचारणाऱ्याला या शहरात १९१७ मध्ये घडलेली एक गोष्ट आठवायलाच हवी. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर करारानुसार इथे नोकरीसाठी आले. अस्पृश्य म्हणून त्यांना राहायला कोणी जागा देईना. अखेर एका पारशी विश्रामगृहात त्यांनी रजिस्टरमध्ये पारशी नाव लिहून आसरा घेतला. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना गाठलं, तू कोण असं दरडावून विचारलं आणि बाहेर काढलं. रात्रीची गाडी येईपर्यंतचा वेळ त्यांनी कमाटीबागेत काढला. तो अपमान आणि आजचं एखादं सजेशन एका मापाने मोजायची माझी इच्छा नाही. तसं करणं अन्यायाचं होईल. मला दाखवायचा आहे तो तर्क. त्या रजिस्टरात खरं नाव लपवलं गेलं, यात दोष कोणाचा होता? नाव लपवणाऱ्याचा, की खरं नाव कळताच लाठ्या उगारणाऱ्यांचा? 'काही चुकीचं नसेल तर लपवतोस कशाला' हे वाक्य नेहमी त्याच्याच तोंडी येतं, ज्याला उघडं पडल्यावर काही सोसावं लागणार नसतं.

आणि आजही पुसणारी माणसं कोण असतात, ते बघा. दारू सोडवण्यासाठी मदत कुठे मिळेल हे शोधणारा माणूस. गुजरातेत १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली पिणं हाच गुन्हा, त्यामुळे सुधारायला निघालेल्यालाही विचारायची चोरी. आंतरजातीय लग्नाचा विचार करणारी मुलगी, जिला स्पेशल मॅरेज ॲक्टखाली ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते हे घरच्यांच्या आधी समजून घ्यायचं आहे. छातीत गाठ लागली म्हणून धास्तावलेली बाई, जिला तपासणी होईपर्यंत घरात रडारड नको आहे. नोकरी गेलेला आणि अजून बायकोला न सांगितलेला कारकून. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून '१८१ अभयम' ही गुजरातची महिला हेल्पलाइन शोधणारी सून. यातल्या कोणाच्या मनात काळंबेरं आहे? डॉक्टरला सांगितलेली गोष्ट गुप्त राहावी असं आपण सगळेच मानतो. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा तर रुग्णाला गोपनीयतेचा हक्कच देतो. पण डॉक्टरपर्यंत पोचण्याआधी माणूस जे घाबरत घाबरत टाइप करतो, त्याला कोणाचंच संरक्षण नाही. मनातला सगळ्यात कच्चा प्रश्न तोच असतो.

नुसते शोध पाहूनही माणूस किती उघडा पडतो, याचा दाखला २००६ चा आहे. एओएल या अमेरिकन इंटरनेट कंपनीने साडेसहा लाखांच्या आसपास लोकांचे तीन महिन्यांतले सुमारे दोन कोटी शोध संशोधनासाठी म्हणून प्रसिद्ध केले. नावं काढून टाकून क्रमांक दिले होते. न्यूयॉर्क टाइम्सच्या बातमीदारांनी नुसते शोध वाचून त्यातल्या एका क्रमांकामागची वृद्ध बाई शोधून काढली. तिने आजार शोधले होते, आपल्या गावातल्या सेवा शोधल्या होत्या, आपल्याच आडनावाची माणसं शोधली होती. जगात कोणालाही अनोळखी बाई जर अशी ओळखता आली, तर एकाच घरात राहणाऱ्यांना एकमेकांच्या शोधांवरून काय काय कळेल, आणि त्याहून भयंकर म्हणजे काय काय कळल्यासारखं वाटेल!

इथवर मी एकाच बाजूने बोललो. विरुद्ध बाजूचे मुद्दे हलके नाहीत, आणि ते टाळून लिहिणं अप्रामाणिकपणा होईल.

पहिला मुद्दा मुलांचा. दहा वर्षांच्या मुलाच्या हातात फोन दिला आणि तो कुठे जातो हे आईबापांनी पाहिलंच नाही, तर तो बेजबाबदारपणा आहे, मान्य. पैसे लावायचे खेळ, अनोळखी माणसांशी गप्पा, हिंसक दृश्यं, हे सगळं एका बोटावर आहे. पण देखरेख आणि पाळत यांत फरक करायला हवा. लहान मुलासाठी देखरेखीचं खातं उघडा, फॅमिली लिंकसारखी सोय वापरा, आणि ती लावली आहे हे त्याला सांगा. तिथे इन्कॉग्निटोही चालत नाही. हे उघड आहे, वयाला धरून आहे. मुलगी झोपल्यावर तिचा फोन उघडून हिस्टरी चाळणं मात्र याच्या नेमकं उलट. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला पाळीबद्दल, शरीराबद्दल, मनात येणाऱ्या नको त्या विचारांबद्दल प्रश्न पडतात. ते घरात विचारायची सोय आपण किती जणांनी ठेवली आहे? फोनवर विचारलं तर पकडलं जाईल असं कळलं की ती विचारायचं थांबत नाही. मैत्रिणीच्या फोनवर विचारते, आणि मग मिळालेलं उत्तर खरं की खोटं हे सांगायला शेजारी कोणी नसतं. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायला २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने कंपन्यांना मनाई केली आहे. आईबापांना कायदा अडवत नाही, अडवूही नये. पण मुलाच्या मनावर पाळतीचा परिणाम काय होतो, हा विचार कंपन्यांपुरताच का करायचा?

दुसरा मुद्दा पुराव्याचा, आणि तो मला सगळ्यात वजनदार वाटतो. गुन्हा घडला आहे हे ठाऊक असताना त्याचा पुरावा नष्ट करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. न्यायालयात सादर करावी लागेल अशी इलेक्ट्रॉनिक नोंद दडवणं किंवा नष्ट करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली येतं. अशा वेळी हिस्टरी पुसणाऱ्याचा मी बचाव करणार नाही. पण याहून जास्त काळजी मला फसवल्या गेलेल्यांची वाटते. खोट्या गुंतवणुकीच्या साइटवर पैसे गेले, 'डिजिटल अरेस्ट'च्या धाकाने खातं रिकामं झालं, की पहिली भावना लाजेची असते. मुलाला कळलं तर काय म्हणेल, या भीतीने निवृत्त गृहस्थ आधी हिस्टरी साफ करतात. त्या साइटचा नेमका पत्ता, किती वाजता उघडली, कुठून तिथे पोचलो, हे सगळं त्याच नोंदीत होतं. म्हणून हे ठळकपणे सांगतो: फसवणूक झाली असेल तर काहीही पुसू नका. स्क्रीनशॉट काढा, लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन करा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. जितका उशीर, तितकी पैसे अडवण्याची शक्यता कमी.

एवढं मान्य केल्यावरही सर्वसाधारण नियम बदलत नाही. उद्या कदाचित गुन्हा घडेल म्हणून आज प्रत्येक निरपराध माणसाने आपलं वाचन साठवून ठेवावं, हा तर्क कुठवर नेणार? रद्दीत जुनी पत्रं घालणाऱ्यालाही मग पोलिसांना विचारावं लागेल. आणि तपासाचं सगळं ओझं घरच्या ब्राउझरवर आहे असंही नाही. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांनी जोडणीच्या नोंदी निदान दोन वर्षं ठेवाव्यात अशी अट दूरसंचार विभागाने डिसेंबर २०२१ मध्ये परवान्यांत घातली. सायबर कॅफेंसाठी २०११ चे नियम आहेत: कोणत्या साइट उघडल्या त्याची नोंद निदान एक वर्ष जपायची, आणि खोक्यांच्या भिंती साडेचार फुटांपेक्षा उंच ठेवायच्या नाहीत. पोलिसांना कायद्याच्या मार्गाने जिथे जायचं तिथे जाण्याच्या वाटा आहेत. शेजारच्या खोलीतल्या नणंदेला त्या वाटेने जायची गरज काय?

यातूनच तिसरा आक्षेप निघतो, आणि तो तरुणांना लागू पडतो. सगळं कंपन्यांकडे असतंच, मग इथे पुसून उपयोग काय? यात तथ्य आहे. ब्राउझरमधली हिस्टरी पुसली तरी गूगलच्या खात्यातली 'माय ॲक्टिव्हिटी' जशीच्या तशी असू शकते. ती वेगळी पुसावी लागते, किंवा ३, १८ वा ३६ महिन्यांनी आपोआप पुसली जाईल असं ठरवता येतं. इन्कॉग्निटोबद्दल तर मोठा गैरसमज आहे. ती खिडकी बंद केल्यावर त्या यंत्रावर हिस्टरी उरत नाही, एवढंच ती करते. ऑफिसच्या नेटवर्कला, इंटरनेट कंपनीला, ज्या साइटवर गेलात तिला सगळं दिसू शकतं. इन्कॉग्निटोमध्येही माहिती गोळा होते म्हणून अमेरिकेत गूगलवर २०२० मध्ये दावा झाला, आणि २०२४ मध्ये तडजोड करताना अब्जावधी नोंदी नष्ट करायचं कंपनीला कबूल करावं लागलं. पण म्हणून घरच्या यंत्रावरचं पुसणं निरर्थक ठरतं का? कंपनी आपल्याला जाहिरात दाखवते. घरातला माणूस आपल्याला प्रश्न विचारतो, टोमणे मारतो, शिक्षण थांबवतो, हातही उगारतो. ज्याच्यापासून आज रात्री भीती आहे, त्याच्यापासूनचं संरक्षण आधी लागतं. २०१८ मध्ये भारत, पाकिस्तान आणि बांगलादेशातल्या बायकांशी बोलून झालेल्या एका अभ्यासात हेच दिसलं. फोन एकीचा असला तरी तो घरभर फिरतो, आणि त्यातून वाट काढायला त्या ॲपला कुलूप लावतात, एखादीच नोंद काढतात, कधी सगळंच पुसतात.

चौथा आक्षेप माझ्या इतिहासप्रेमी मित्रांचा. ते म्हणतात, कागद जपले नसते तर मराठ्यांचा इतिहास लिहिला गेला असता का? 'मराठी रियासत' लिहिणारे इतिहासकार, रियासतकार सरदेसाई यांची उमेदीची वर्षं बडोद्यातच, सयाजीरावांच्या सेवेत गेली. निवृत्तीनंतर त्यांनी पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले. ते काम मला वंदनीय आहे. पण ते दफ्तर राज्याचं होतं: वसुली, मोहिमा, करार, निवाडे. आणि ते अभ्यासकांसाठी उघडलं गेलं तेव्हा पेशवाई जाऊन शंभराहून अधिक वर्षं झाली होती. माणूस जिवंत असताना, त्याच्याच घरात, त्याच संध्याकाळी उघडलेल्या नोंदीला इतिहाससंशोधन म्हणता येत नाही. सत्तेच्या नोंदी जपल्या पाहिजेत आणि माणसाच्या खासगी शंका पुसता आल्या पाहिजेत. या दोन मागण्या एकाच विचारातून येतात.

आता सरसकट पुसण्याविरुद्ध मी का आहे ते सांगतो. बँकेच्या साइटचं नाव अर्धं टाइप केल्यावर ब्राउझर हिस्टरीतून खरा पत्ता पुढे करतो, हे वयस्कर माणसासाठी मोठं संरक्षण आहे. सगळं पुसलं की तो पुन्हा सर्च करणार, वरच्या जाहिरातीवर बोट ठेवणार आणि खोट्या साइटवर जाणार. उलट एकदा चुकून खोट्या साइटवर गेलेलो असलो, तर तीच नोंद पुढे विष होते: नाव टाइप केलं की ब्राउझर पुन्हा पुन्हा तीच पुढे करतो. म्हणजे पैसे गेले नसतील, तक्रारीचं काही नसेल, तर ती एकच नोंद काढायला हवी आणि बाकीच्या ठेवायला हव्यात. ते अवघड नाही. संगणकावर क्रोममध्ये किंवा फायरफॉक्समध्ये यादीतल्या त्या ओळीवर बाणाच्या कळीने या आणि शिफ्ट धरून डिलीट दाबा. क्रोममध्ये ओळीच्या उजवीकडे फुलीही येते. अँड्रॉइड फोनवर क्रोममध्ये त्या ओळीवर बोट दाबून धरलं की काढायचं का असं विचारतो. फायरफॉक्सच्या हिस्टरीत एखादी साइट समूळ विसरून जाण्याचीही सोय आहे. तरीही सजेशन येतच राहिलं, तर ते बुकमार्कमधून, ऑटोफिलमधून किंवा खात्यातून येत असणार. तिथे जाऊन काढावं लागतं. आणि खातं सिंक असेल तर एका यंत्रावर पुसलेलं दुसऱ्यावरूनही जातं, हे पुसण्याआधी ध्यानात घ्यावं.

मारहाण सोसणाऱ्या बायकांना मदत करणाऱ्या संस्थाही जगभर हाच सल्ला देतात. अचानक कोरी झालेली हिस्टरी पाहून संशय वाढतो. म्हणून मदतीचं पान तेवढं काढा, बाकी रोजचं राहू द्या. त्यांच्या साइटवर झटकन बाहेर पडायचं बटण असतं ते याचसाठी. 'पुसतो तो गुन्हेगार' असं घरात उच्चरवाने सांगणाऱ्यांनी एकदा या बटणाचा विचार करावा. ते कोणासाठी बनवावं लागलं, आणि कोणापासून?

कायदा या बाबतीत उंबऱ्यापर्यंत येऊन थांबतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं. २०२३ च्या कायद्याने आपली माहिती पुसून मागण्याचा हक्क दिला, पण व्यक्तीने घरगुती कारणासाठी हाताळलेली माहिती त्या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवली. घरात पोलीस आणि नोटिसा याव्यात असं मलाही वाटत नाही. पण मग घरातला नियम घरानेच घालायला हवा. दुसऱ्याच्या नावाचं पाकीट फोडू नये, हे आपल्याला कोणत्याही कायद्याआधी आजीने शिकवलं होतं. पोस्टकार्ड सगळे वाचत, पाकीट ज्याचं त्याला देत. फोन सगळ्यांचा असला तरी त्यातला शोध ज्याचा त्याचा, हे तसंच शिकवता येईल. एकाच लॅपटॉपवर प्रत्येकाचं वेगळं प्रोफाइल करून देणं ही त्याची पहिली पायरी.

घराबाहेर मात्र वाट बघायचं कारण नाही. आपल्या शहरातल्या वाचनालयांत, अभ्यासिकांत, मंडळांच्या कार्यालयांत सगळ्यांनी वापरायचे संगणक आहेत. एक उठतो, दुसरा बसतो, आणि पहिल्याचा मेल आयडी, फोन नंबर, परीक्षेचा क्रमांक, शोधलेला आजार दुसऱ्याला अक्षर टाइप करताच दिसतो. फायरफॉक्समध्ये बंद करताना हिस्टरी आपोआप पुसायची सेटिंग आहे, क्रोममध्ये गेस्ट मोड आहे. ज्या संस्था वाचकाच्या नावाने चालतात, त्यांच्या कार्यकारिणीने ही सेटिंग या महिन्यात करून घ्यावी, आणि संगणकाशेजारी मराठीत आणि गुजरातीत एक कागद लावावा: इथे तुमची नोंद ठेवली जात नाही, फसवणुकीची तक्रार करायची असेल तर उठण्याआधी स्क्रीनशॉट घ्या आणि १९३० वर फोन करा.